थुंकीतून हिवतापाचा माग

ताप आलेल्या मुलाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत निदान. हिवतापाच्या या तपासणीने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तिची वाट तापापासून सुरू होते. ज्यांना तापच नाही, त्यांचं काय?

आफ्रिकेत अशी कितीतरी मुलं आहेत. अंगात परजीवी आहे, पण मूल खेळतंय, शाळेत जातंय. त्याला चावलेला डास तोच परजीवी पुढे नेतो. धडधाकट दिसणाऱ्या मुलाला सुई टोचायला कोणती आई तयार होईल?

म्हणूनच २०१९ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. फ्लोरिडा विद्यापीठाचे रोएल डिंग्लासन आणि सहकाऱ्यांनी कॅमेरून, झांबियातल्या मुलांची लाळ तपासली. त्यांना पीएसएसपी१७ हे प्रथिन सापडलं. ते परजीवीच्या नर-मादी अवस्थेशी जोडलेलं आहे, आणि डासाच्या पोटात जाऊन पुढे वाढते ती हीच अवस्था. म्हणजे रोग पसरवू शकणारं मूल लाळेवरून ओळखता येण्याची शक्यता निर्माण झाली.

ते मोलाचं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. रक्ताच्या बहुतेक पट्ट्या एचआरपी२ हे प्रथिन शोधतात. पेरू, इरिट्रियात मात्र ते बनवणारं जनुकच गमावलेले परजीवी आढळलेत; पट्टीला ते सापडत नाहीत. वेगळं प्रथिन शोधणारी चाचणी इथे उपयोगी पडेल.

तरीही आज थंडी वाजून ताप आला, तर रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.