उत्तर आले, पण रीत कुठे आहे?

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील वर्तमानपत्राचे जुने कात्रण घेऊन आमच्याकडे आले होते. 'नैराश्याचे जनुक सापडले' असा मथळा. मुलीच्या आत्याला हा विकार. तेव्हा मुलीचे रक्त तपासून घ्यावे काय, ही त्यांची विवंचना.

या जनुकाची कथा आम्ही त्यांना सांगितली. सन २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी २८ निरोगी माणसांच्या मेंदूची एम.आर.आय. यंत्राने चित्रे घेतली. सिरोटोनिन या द्रव्याशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्यात होता, त्यांच्या मेंदूतील भीतीशी निगडित भाग अधिक उद्दीपित होतो, असे त्यांस आढळले. पुढल्याच वर्षी त्या जनुकाचा संबंध नैराश्याशी जोडला गेला आणि निबंधांचा पाऊस पडला. अवघी अठ्ठावीस माणसे! आमच्या एका वर्गात याहून अधिक मुले बसतात. २०१९ मध्ये अशी १८ गाजलेली जनुके लाखो लोकांच्या माहितीवर पडताळली, तेव्हा नैराश्याशी त्यांचे नाते इतर कोणत्याही जनुकांहून अधिक ठरले नाही.

मग माणसे वाढविली म्हणजे भागले काय? तसेही नाही. १०८ जणांच्या मेंदूची तीच चित्रे ७० संशोधक गटांना देऊन नऊ प्रश्न विचारले गेले. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. कोणत्याही दोन गटांची रीत तंतोतंत जुळली नव्हती आणि पाच प्रश्नांवर तर गटागटांत चांगलाच मतभेद होता. हललेल्या डोक्याची दुरुस्ती कशी करावी, चित्र किती पुसट करावे, अशा बारीकसारीक निवडींनी उत्तर फिरते. संगणकावरील त्याच कार्यक्रमाची आवृत्ती बदलली, तरी मेंदूच्या भागांची मापे सरासरी आठनऊ टक्क्यांनी बदलल्याचे २०१२ मध्येच दिसून आले होते.

गणितात नुसते उत्तर लिहिणाऱ्याचे गुण आम्ही कापतो. आता शास्त्रज्ञही मूळ चित्रे, कार्यक्रम, त्याची आवृत्ती आणि प्रत्येक पायरी दुसऱ्यास पुन्हा करून पाहता येईल अशी खुली ठेवू लागले आहेत. ब्रिटनच्या 'यू.के. बायोबँके'ने पाच लाख लोकांची जनुकीय माहिती जमविली असून त्यांपैकी एक लाख जणांची चित्रे २०२५ मध्ये पुरी केली. एवढ्या पसाऱ्यात रीत लिहून ठेवली नाही, तर चूक शोधावी तरी कुठे?

नैराश्यात आनुवंशिकतेचा भाग नाही असे नव्हे. परंतु तो असंख्य जनुकांत तिळातिळाने वाटलेला असतो. हे ऐकून त्या गृहस्थांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली. आत्याबाईंचे औषधपाणी वेळेवर चालू आहे ना, एवढे मात्र आम्ही विचारून घेतले.