फांदी पाडू नका, उतरवा

मृग लागण्याआधी तिरोडा परिसरात कवेलू फेरण्याच्या जोडीला आणखी एक काम निघते. घरावर किंवा गोठ्यावर झुकलेल्या चिंचेच्या, कडुलिंबाच्या फांद्या छाटण्याचे. एक जण कुऱ्हाड घेऊन वर चढतो, दुसरा खाली दोर धरतो. अपघातात सापडतात ते बहुधा हेच दोघे. कारण फांदीच्या वजनाचा आणि झटक्याचा अंदाज चुकतो.

ओले लाकूड जवळजवळ पाण्याइतकेच जड असते. 30 सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा तुकडा सुमारे 70 किलो भरतो. तीन मीटरची फांदी पानांशिवायही दोनशे किलोच्या वर जाते. त्यात झटक्याची भर पडते. 70 किलोचा तुकडा एक मीटर मोकळा पडला आणि दोराने त्याला पुढच्या 20 सेंटिमीटरमध्ये रोखले, तर दोरावर सरासरी 420 किलोंचा ताण येतो. दोर वरच्या कप्पीतून खाली आला असेल, तर कप्पीवर याच्या जवळपास दुप्पट भार पडतो. दोर शाबूत राहतो आणि कप्पी बांधलेली फांदीच मोडते, ती अशी.

म्हणून कप्पी कापायच्या जागेपेक्षा उंच, जाड आणि जिवंत फांदीच्या बेचक्यात बांधावी. कापण्याआधीच दोर ताणून घ्यावा, म्हणजे फांदी पडत नाही, लटकते. शेंड्याकडे दुसरा हलका दोर बांधला, तर ती छपरापासून दूर वळवता येते.

खालच्या माणसाने दोर हाताला किंवा कंबरेला कधीही गुंडाळू नये. तो बुंध्याला गुंडाळावा. बंदरात जहाजाचा दोर खुंटाला गुंडाळतात, त्यातले शास्त्र हेच आहे: प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण वाढत जाते. सर्वसाधारण घर्षणात एका वेढ्याने हातावरचा ताण सुमारे पाचपट कमी होतो, दोन वेढ्यांनी वीसपटीहून अधिक. शंभर किलोची फांदी मग पाच किलोच्या जोरावर सावकाश सोडता येते.

कापही तीन टप्प्यांत घ्यावा. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या चौथ्या भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. यामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर कापावा. ते कडे शाबूत राहिले, तर झाड जखम लवकर भरून काढते.

फांदीच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कुणीही उभे राहू नये. वर चढणाऱ्याचा पट्टा वेगळ्या दोराने भक्कम खोडाला बांधलेला असावा. तारेजवळची फांदी स्वतः तोडू नये. महावितरणला 1912 वर कळवून वीज बंद करून घ्यावी. कुणी उंचावरून पडलेच, तर त्याला उचलून बसवू नये. मान आणि पाठ न हलवता 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

नगर परिषदेच्या हद्दीत झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. छाटणीआधीही तिथे विचारणा करावी. दोर जुना असेल, कप्पी नसेल किंवा हे काम जाणणारा माणूस मिळत नसेल, तर फांदी आणखी काही दिवस राहू द्यावी आणि तिच्याखालची खाट हलवावी.