बालकांचे आरोग्य आणि आपला हजेरीपट



पावसाळा सुरू झाला की वर्गातील पटसंख्या व प्रत्यक्ष उपस्थिती यांत अंतर पडू लागते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. आपण अनुपस्थितीची खूण करतो आणि पुढील नाव पुकारतो. त्या खुणेमागे जुलाब आहेत, गोवर आहे, की केवळ घरचे काम, याची नोंद सहसा कोठेच होत नाही. या नोंदीचे मोल ध्यानी यावे म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एका अभ्यासाची हकीकत येथे देत आहोत.

डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्यात, शिक्षकाच्या घरात वाढले. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे १९६२ पासून काही वर्षे नेवासे तालुक्यातील वडाळा येथील रुग्णालयात काम करीत होते. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, बरे करून घरी पाठविलेले मूल काही आठवड्यांनी त्याच दुखण्याने परत येते. औषधाचा यात दोष नव्हता. विहिरीचे पाणी तेच होते आणि घरातील अन्नही तेवढेच अपुरे होते. पुढे उभयता अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी गेले. तेथील प्राध्यापक कार्ल टेलर यांचा जन्म हिंदुस्थानातलाच. कुपोषण व संसर्ग ही एकमेकांना बळ देतात, हे टेलर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार मांडले होते. अशक्त मुलाला गोवर अधिक जोराने होतो. गोवराने त्याचे वजन आणखी घटते. मग जुलाब लागले की ते त्याला सोसवत नाहीत. वर्गात वारंवार गैरहजर राहणारे मूल बहुधा याच चक्रात सापडलेले असते. त्याला आळशी ठरविण्याची आपली घाई पुष्कळदा अन्यायाची असते, हे येथे स्पष्टच म्हटलेले बरे.

आरोळे दांपत्याने त्या अभ्यासकाळातच एका ग्रामीण प्रकल्पाची आखणी केली व १९७० साली जामखेड येथे कामास प्रारंभ केला. त्या वेळी तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. गावकऱ्यांना विचारता त्यांनी दवाखाना मागितला नाही. पाणी व अन्न मागितले. दुष्काळाचेच दिवस होते ते! तेव्हा विंधनविहिरी व बालकांचा आहार यांपासून सुरुवात झाली. आधी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या, परंतु तो प्रयोग साधला नाही. मग गावातीलच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या दर आठवड्यास जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून मुलांची वजने घेत, लसीकरणासाठी घरोघर समजूत घालीत. पुढील वीस-पंचवीस वर्षांत बालमृत्यूचे ते प्रमाण हजारी तिसांच्या खाली आले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशात सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेत गावच्याच स्त्रीकडे आरोग्याचे काम सोपविण्याची हीच रीत आढळते.

जुलाबाने मूल दगावते ते मुख्यतः अंगातील पाणी व क्षार गेल्यामुळे. म्हणून क्षारसंजीवनीचे पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोट-घोट पाजावे. प्रमाण मोजूनच घ्यावे, कारण मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. खाणे बंद करू नये. डोळे खोल गेले, मूल सुस्तावले किंवा शौचावाटे रक्त पडले, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. शाळेत वाटल्या जाणाऱ्या जंतनाशक गोळीविषयी पालकांच्या मनात भय असल्यास आधी त्यांच्याशी बोलावे आणि गोळी मुलाने आपल्यासमोरच चावून खाल्ली आहे, हे पाहावे.

आता हजेरीपटाविषयी. अनुपस्थितीच्या खुणेशेजारी पेन्सिलीने एकच अक्षर लिहावे : जुलाबास ‘जु’, तापास ‘ता’, खोकल्यास ‘खो’, घरकामास ‘घ’. महिनाअखेर ही अक्षरे मोजावीत. एकाच वस्तीतील चार-पाच मुलांपुढे एकाच आठवड्यात ‘जु’ आढळल्यास त्या वस्तीचे पाणी कोठून येते, हे त्याच दिवशी पाहून यावे व आरोग्यसेविकेस आणि ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. पत्राची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी.