सम्यक स्मृती : सेकंड शिफ्टमध्ये

एक्सप्रेस-वेवरचा उर्से टोलनाका सर्वांना माहीत आहे. त्या नाक्यापलीकडचे उर्से गाव मात्र फार थोड्यांना माहीत असते. इथे आणि शेजारच्या तळेगाव पट्ट्यात कारखाने आले, त्यांच्या मागोमाग गावोगावची आपली पोरे आली. कुणी कंपनीच्या पटावर, कुणी कंत्राटदाराच्या. आजचा विषय त्यांच्यासाठी आहे, आणि विषय आहे ध्यानाचा. हसू नका.

हल्ली कंपन्यांमध्ये ‘माइंडफुलनेस’चे वर्ग भरतात. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, ताण जाईल. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी असे शिक्षण सुरू केले, तिथून ही लाट जगभर पसरली. दुखणाऱ्याला आराम पडत असेल तर आमची तक्रार नाही. पण ताण कशाने येतो हे न विचारता तो सोसायचा कसा एवढेच शिकवायचे, याला बुद्धाची शिकवण म्हणता येणार नाही.

मूळ पाली शब्द आहे सति. (नवऱ्याच्या चितेवर बाईला जाळणाऱ्या प्रथेशी त्याचा काडीचाही संबंध नाही.) सति म्हणजे स्मृती, आठवण. समोर काय घडते आहे ते ध्यानात घेणे आणि ध्यानात ठेवणे, हे दोन्ही त्यात आले. कुरू देशात भगवंतांनी सतिपट्ठान सुत्त सांगितले, त्यात श्वास आहेच. पण चालणे, उभे राहणे, हात वाकवणे, जेवणे, बोलणे, गप्प राहणे, अगदी शौचाला जाणेसुद्धा आहे. यातले कोणते काम करायला पर्वतावर जावे लागते? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती असा लावला आणि दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा असेही तिला म्हटले. शब्द पहाऱ्याचा आहे, झोपेचा नव्हे.

आपल्या चळवळीत ध्यान म्हटले की नाक मुरडणारे कार्यकर्ते आहेत. त्यांच्या मते मोर्चा हे काम, विपश्यना हा पळ. दुसरीकडे इगतपुरीला दहा दिवस बसून आलेले साधक आहेत. तिथे मौन पाळतात आणि अकराव्या दिवशी घरी भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावतात. दोघांनीही सुत्त नीट वाचलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रेस मशीनकडे येऊ. टार्गेट गाठायचे म्हणून सेन्सर बंद केला जातो, गार्ड काढून ठेवला जातो. सेकंड शिफ्टच्या शेवटच्या तासात हात डायखाली असतो आणि मन गावाकडच्या हप्त्यात. बोट जाते. मग साहेब म्हणतात, ‘त्याचे लक्षच नव्हते.’ बांधवांनो, कायदा असे म्हणत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मालकाची सुटका होत असे ती कामगार दारूच्या अमलाखाली असेल, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल किंवा गार्ड जाणूनबुजून काढला असेल तर. आणि मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेवढ्यानेही नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच अपवाद आहेत. थकल्या माणसाचे लक्ष उडणे हा त्यात अपवाद नाही.

पण गार्ड कुणाच्या सांगण्यावरून निघाला? इथे खटले अडतात. ‘साहेबांनी सांगितले होते’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या साहेबांनी, किती वाजता, शेजारी कोण होते? ज्याचे मन त्या क्षणी जागेवर होते, त्याला हे सांगता येते. ज्याने घरी येऊन वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या, त्याला तर उलटतपासणीतही सांगता येते. वकिलाच्या कोटातून पाहिले की सम्यक स्मृती अशी दिसते.

अपमानाचेही तसेच. कॅन्टीनमध्ये कुणी जातीवरून बोलतो. अंगात आग उठते, कानशिले तापतात. सुत्तातली वेदनानुपश्यना, चित्तानुपश्यना म्हणतात ती नेमकी इथली : राग आला आहे हे कळणे. गिळून टाकणे नव्हे. राग कळला की हात कॉलरवर जात नाही आणि डोळे उघडे राहतात. शब्द काय होते, जागा कोणती होती, कोण कोण ऐकत होते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जाणूनबुजून केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर घडला का, हा प्रश्न कळीचा आहे. मारामारी झाली तर उलटी केस आपल्याच पोरावर लागते आणि मूळ शब्द कुणालाच आठवत नाहीत. हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मग करायचे काय? फार नाही. कंपनीच्या बसमध्ये मोबाईल खिशात ठेवून दहा मिनिटे श्वास पाहावा. मशीन सुरू करण्याआधी एकदा हाताकडे, एकदा गार्डकडे पाहावे. गार्ड नसेल तर मागावा, सहकाऱ्यांनी मिळून लेखी मागावा. नुसत्या सजगतेने डाय थांबत नाही, ती गार्डनेच थांबते. घरी गेल्यावर पोरगी काही सांगत असेल तर ते पुरते ऐकावे. हे शेवटचे सर्वांत अवघड, असा उपासिकांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. बायांना तर दोन पाळ्या असतात, एक कंपनीत, एक चुलीपाशी. त्यांना सजगता शिकवण्याआधी पुरुषांनी एक पाळी वाटून घ्यावी.

उर्से-तळेगावहून देहूरोड दूर नाही. रंगूनच्या बौद्ध परिषदेहून परतल्यावर बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दुसरीकडे कार्ल्याचे लेणे आहे. तिथल्या चैत्यगृहाचे दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव दगडात कोरलेले आहे, सुमारे दोन हजार वर्षे. हाताने काम करणाऱ्याचे नाव तिथे टिकले. इथल्या पोरांची नावे हजेरीपटावर आणि पगाराच्या व्हाउचरवर असतात. ते व्हाउचर कोरे असेल तर सही करू नका. भरलेले असेल तर आधी ओव्हरटाइमचे तास वाचा, मोजा, मग पेन उचला.