खासगी खिडकी आणि दुसऱ्याची वही

कोणताही व्यवहार एकाच वहीत पुरा होत नाही, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. निर्मलच्या पेढीवर मांडलेली रक्कम निजामाबादच्या अडत्याच्या वहीतही मांडलेली असते. आपण आपल्या रोजकीर्दीचे पान फाडले, तरी त्याच्या खतावणीतील नोंद जागच्या जागी राहते. संगणकावर ज्या सोयीस 'खासगी ब्राउझिंग' म्हणतात, तिचे मर्म एवढ्यात आले.

आपण कोणती पाने पाहिली, याची रोजकीर्द ब्राउझर नित्य लिहीत असतो. शिवाय संकेतस्थळे आपली ओळख पटावी म्हणून संगणकात एक चिठ्ठी ठेवतात. तिला 'कुकी' म्हणतात. खासगी खिडकीत ही कीर्द लिहिली जात नाही आणि सर्व खासगी खिडक्या बंद होताच त्यांतील चिठ्ठ्याही पुसल्या जातात. सफारी या ब्राउझरने ही सोय २००५ साली आणली. २००८ साली क्रोमने तिला 'इन्कॉग्निटो' असे नाव दिले. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकदम दाबल्या की ही काळसर खिडकी उघडते.

परंतु ही झाली केवळ आपली वही. ज्या संकेतस्थळावर आपण गेलो त्याची वही, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची वही, नोकरीच्या ठिकाणी असल्यास तेथील जाळ्याची वही, या साऱ्या चालूच राहतात. २०२० साली गूगलवर कॅलिफोर्नियात याच मुद्द्यावर दावा झाला. खासगी खिडकी उघडूनही, इतर संकेतस्थळांवर बसविलेल्या गूगलच्या साधनांमार्फत वाचकांची माहिती गोळा होत होती, ही वादींची तक्रार होती. २०२४ साली तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या. अब्जावधी नोंदी नष्ट अथवा निनावी करण्याचे आणि खिडकीवरील सूचना अधिक स्पष्ट करण्याचे गूगलने मान्य केले. 'खासगी' या शब्दावर लोकांनी किती भिस्त ठेवली होती, हे यावरून दिसते. नाव जरा कमी भारदस्त असते तर बरे झाले असते!

मग तिचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो घरचाच आहे. लाकडी खेळण्यांचे दुकान असो की कापडाचे, संगणक बहुधा एकच असतो आणि मालक, मुनीम, चिरंजीव, सारे त्यावरच बसतात. बँकेचे काम खासगी खिडकीत केल्यास पुढच्या माणसास आपले खाते उघडे सापडत नाही. घरातील एखाद्या स्त्रीस आपल्या दुखण्याविषयी वाचावयाचे असेल, तर ते साऱ्या कुटुंबास कळण्याचे कारण नाही. दोन पेढ्यांचे जीएसटीचे काम एकाच वेळी करावयाचे झाल्यास एक पेढी साध्या खिडकीत व दुसरी खासगी खिडकीत उघडता येते, कारण दोहोंच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. क्रोममध्ये दोन खासगी खिडक्यांची चिठ्ठीपेटी मात्र एकच असते. तेथे ही युक्ती साधत नाही.

परक्या संगणकावर अधिक जपावे. दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा चोर-प्रोग्रॅम आत दडला असेल, तर खासगी खिडकीतील पासवर्डही तो टिपतो; म्हणून अशा ठिकाणी बँकेचे काम करूच नये. आणि बँकेचा उतारा किंवा चलन उतरवून घेतले असेल, तर खिडकी मिटली तरी तो कागद 'डाउनलोड्स'मध्ये तसाच राहतो. तो आपल्या हाताने काढावा, आणि मग 'रिसायकल बिन'ही रिकामी करावी.