शहापूर-मुरबाडमधील भाजीपाला: थंडीचा कडाका टाळून लागवड आणि तोडणीचे नियोजन

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही वर्षी किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सहसा अशी वेळ येत नाही. पाने गोठून पीक एका रात्रीत काळे पडले, असे नुकसान इथे होत नाही. इथली थंडी पीक मारत नाही, ती पिकाचे दिवस खाते. भेंडी, काकडी, कलिंगड या पिकांचे बी उशिरा उगवते, रोपे एका जागी थांबतात आणि पुढे पाणी कमी पडते तेव्हा तोडा ऐन भरात असतो. म्हणून या भागात थंडीचा विचार लागवडीची तारीख ठरवतानाच करावा लागतो.

थंडी कुठे साचते?

समुद्राजवळच्या भागात रात्री फारशा गार होत नाहीत. शहापूर, मुरबाड समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली उतरून सखल भातखाचरांत आणि ओढ्याकाठी साचते. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत अशा रात्री अधिक येतात. एकाच गावात वरच्या वरकस जमिनीत आणि खालच्या खाचरात त्यामुळे दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. किमान-कमाल तापमापक सखल जागी सावलीत टांगून एक हिवाळा नोंदी ठेवा. तुमच्या शेताचा अंदाज त्यावरून येईल.

कोणत्या पिकाला किती थंडी चालते?

- थंडी मानवणारी: वाल, हरभरा, मोहरी, मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, नवलकोल, कोबी.
- मध्यम: वांगी, टोमॅटो, मिरची. झाड टिकते, पण रात्रीचे तापमान सतत १३ ते १५ अंशांखाली राहिल्यास फळधारणा घटते.
- थंडी न सोसणारी: भेंडी, काकडी, कलिंगड, दुधी, कारली. भेंडीच्या उगवणीला २५ ते ३० अंश तापमान चांगले. ते १७ ते २० अंशांखाली गेल्यास उगवण लांबते, विरळ होते आणि ओल जास्त असल्यास बी कुजते.

खालच्या खाचरात ओल टिकते, पण थंडीही तिथेच साचते. त्यामुळे तिथे भातानंतरच्या ओलीवर वाल किंवा हरभरा घ्यावा. भेंडी, काकडीसाठी विहिरीजवळची थोडी उंच, सकाळी लवकर ऊन येणारी जागा निवडावी.

भेंडीची तारीख भाताच्या वाणावर ठरते

कर्जत-१८४ सारखे हळवे भात १०० ते १०५ दिवसांत तयार होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरल्यास ते सप्टेंबरअखेर कापणीला येते. पाऊस थांबून वाफसा आला की ऑक्टोबरअखेरपर्यंत भेंडी पेरता येते. गरव्या भाताला सुमारे १४० दिवस लागतात. ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघते, म्हणजे मशागतीनंतर भेंडीच्या पेरणीला नोव्हेंबर संपत येतो. हिवाळ्यात भेंडी घ्यायची असेल, तर त्या तुकड्यात हळवे भात लावण्याचा निर्णय जूनमध्येच घ्यावा.

पहिला हंगाम: १५ नोव्हेंबरपूर्वी पेरणी. जमीन अजून उबदार असते. कडाक्यापर्यंत झाड मुळांवर उभे राहते. पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांत तोडा सुरू होतो. थंडीत वाढ मंदावते, पण पीक हातचे जात नाही.

मधला काळ: १५ नोव्हेंबर ते १५ जानेवारी. या दोन महिन्यांत भेंडी पेरू नये. ‘लवकर पेरली तर लवकर निघेल’ हा हिशेब इथे चुकतो. डिसेंबरअखेर पेरलेली भेंडी अडून बसते आणि जानेवारीच्या शेवटी पेरलेली तिला जवळपास गाठते. तेवढे पाणी, खुरपणी आणि बियाणे मात्र वाया जाते. या काळात शेत रिकामे ठेवू नका. मेथी २५ ते ३० दिवसांत, कोथिंबीर आणि मुळा ४० ते ४५ दिवसांत निघतात. जानेवारीच्या मध्याला तीच जमीन भेंडीसाठी मोकळी होते.

दुसरा हंगाम: २० जानेवारी ते १० फेब्रुवारी. उगवण एकसारखी होते. तोडा मार्चच्या मध्यापासून मिळतो. ऊन वाढले की पांढरी माशी आणि तिच्यामुळे पसरणारा हळद्या रोग वाढतो. त्यामुळे परभणी क्रांतीसारखा या रोगाला तुलनेने सहनशील वाण निवडावा आणि रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत.

आधी विहिरीचा हिशेब करा

भेंडीचे पीक सुमारे १०० दिवस शेतात राहते. १ फेब्रुवारीला पेरलेले पीक १० मेच्या आसपास संपेल. तुमची विहीर एप्रिलअखेर तळ गाठत असेल, तर शेवटचे दहा दिवस पाणी कुठून आणणार? अशा वेळी पेरणी डिसेंबरमध्ये ओढू नका. क्षेत्र कमी करा, पेंढ्याचे आच्छादन करा, ठिबक वापरा. कालव्यावर अवलंबून असाल तर आवर्तनाच्या तारखा आधी विचारून घ्या.

काकडी, कलिंगडात दिवस वाचवायचे असतील तर प्रो-ट्रेमध्ये किंवा पिशवीत रोपे करावीत. रात्री ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या बुटक्या बोगद्याखाली ठेवावीत आणि दिवसा तोंडे उघडावीत. दोन खरी पाने आली की दुपारनंतर पुनर्लागवड करावी.

कडाक्याचा अंदाज आल्यास

- ‘मेघदूत’ ॲपवरील किमान तापमानाचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला पाहावा.
- संध्याकाळपूर्वी विहिरीचे हलके पाणी द्यावे. ओली जमीन उष्णता जास्त वेळ धरून ठेवते. उगवणीच्या अवस्थेत वाफे तुंबू देऊ नयेत.
- वाढ थांबली म्हणून युरियाचा जादा हप्ता देऊ नये. गार जमिनीत मुळे अन्न कमी उचलतात.
- पानांवर पांढरी पावडर दिसल्यास ती भुरी समजावी. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने लेबलवरील मात्रेतच गंधकाची फवारणी करावी.

तोडणी

उबदार दिवसांत भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. कडाक्यात शेंग भरायला एखादा दिवस जास्त लागतो, तेव्हा तारखेपेक्षा शेंगेची लांबी आणि कोवळेपणा पाहावा. सकाळी दव असताना तोडलेली ओली भेंडी पिशवीत काळी पडते आणि कल्याण, वाशीच्या बाजारात तिचा भाव उतरतो. थंडीत दव सुकल्यावर, तर मार्चनंतर भल्या सकाळी तोडावी. तोडलेला माल सावलीत पसरून मगच भरावा.

येत्या जूनपूर्वी एका कागदावर प्रत्येक तुकड्यासाठी तीन तारखा लिहा: भात निघण्याची, विहीर आटू लागण्याची आणि त्यावरून ठरणारी भेंडीच्या पेरणीची. बियाणे त्यानंतरच खरेदी करा.