शून्य आलं का?

पहाटेचे साडेपाच वाजलेत. लंडनच्या पश्चिमेला असलेलं रेडिंग शहर अजून झोपलंय. भाच्याच्या गॅरेजात एकच दिवा जळतोय आणि पाण्याचा बारीक आवाज अखंड चाललाय. रात्रभर टाकी भरतेय. एप्रिल लागला तरी बोलताना तोंडातून वाफ निघते. गार पाणी आरओच्या पडद्यातून पाझरायला वेळ लावतं. उन्हाळ्यात चार तासांत भरणारी टाकी जानेवारीत सात तास घेते, असं भाचा सांगतो.

भाचा तासगावचा, द्राक्षबागेत वाढलेला. इथे तो लोकांच्या घरांच्या खिडक्या धुतो. साबण नाही, फडकं नाही. सहा-सात मीटरचा कार्बन फायबरचा हलका दांडा, टोकाला ब्रश आणि ब्रशातून निघणारी पाण्याची धार, एवढंच. धुतलेली काच पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची. पाणी उडून गेल्यावर मागे काही उरायला नको, म्हणून पाण्यातच काही असता कामा नये. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

तो खिशातून टीडीएस मीटर काढतो. आपल्याकडे आरओ विकायला येणारे दाखवतात, तसलंच पेनाएवढं यंत्र. आधी तो नळाचं पाणी मोजतो. ३१२. इथलं पाणी खडूच्या खडकांतून झिरपत येतं, चुना घेऊनच येतं. त्याच्या किटलीच्या तळाला पांढरी खपली मी कालच पाहिली. प्यायला हे पाणी उत्तम, आपल्या भारतीय मानकात तर ५०० पर्यंत चालतं. काचेला मात्र ते चालत नाही. आरओतून निघाल्यावर आकडा ९ वर येतो.

"नऊ म्हणजे झालंच की," मी म्हणतो.

"अजून नाही मामा. उरलेलं आता रेझिन काढेल."

रेझिनची निळी टाकी माझ्या कमरेएवढी आहे. आत खसखशीसारखे बारीक, मधाच्या रंगाचे दाणे. काही दाणे पाण्यातला कॅल्शियम, सोडियम धरून ठेवतात आणि त्याच्या जागी हायड्रोजन सोडतात. बाकीचे क्लोराइड, सल्फेट धरतात आणि हायड्रॉक्सिल सोडतात. सोडलेले दोघे एकत्र आले की पाणीच होतं. दाण्यांची धरायची ताकद संपली की टाकीतून मासळीसारखा वास येऊ लागतो, म्हणून भाचा रोज सकाळी झाकणाशी नाक नेतो. आजही नेतो. वास नाही. खालच्या नळीखाली मीटर धरतो आणि माझ्याकडे वळवतो. ०००.

एका गोष्टीने मात्र माझा जीव तुटतो. एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना जवळपास तेवढंच पाणी बाजूच्या नळीने निघून जातं. तासगावच्या पूर्वेकडच्या गावांत मी टँकरपुढे लागलेल्या रांगा पाहिल्यात. ती नळी कुठे जाते, हे मी विचारायच्या आधीच तो मला परसात घेऊन जातो. दोन मोठी पिंपं तुडुंब भरलेली आहेत. याच पाण्यावर त्याची बाग चालते आणि व्हॅनही धुतली जाते. सगळं मावत नाही, थोडं गटारात जातंच, हेही तो लपवत नाही.

व्हॅनमधल्या टाकीत ४०० लिटर पाणी घेऊन आम्ही निघतो. ४०० लिटर म्हणजे चारशे किलो. चौकात ब्रेक लागला की पाठीमागून सगळं पाणी एकदम पुढे येऊ पाहतं. टाकीत आडव्या भिंती आहेत म्हणून बरं.

गल्लीत लाल विटांची जुनी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, मधूनमधून राखाडी विटांची नक्षी. पुढच्या खिडक्यांना अडचण नाही, व्हॅनमधूनच नळी ओढायची. खरी परीक्षा मागच्या बाजूला आहे. घरांना मध्ये फट नाही. मागे जायला गल्लीच्या टोकाकडून बोळ आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढाच. नळी तिथवर पुरत नाही. पाणी सोबत न्यावं लागतं. त्यासाठी दोन चाकांची ट्रॉली आहे: २५ लिटरचं पिंप, बारा व्होल्टचा पंप, बॅटरी आणि करंगळीएवढी बारीक नळी. जिथे ट्रॉलीही जात नाही तिथे पाठीवर घ्यायचा पंप. तो पाहिल्यावर मला बागेतली औषधफवारणीच आठवते. पट्टे खांद्यावर चढवायची भाच्याची लकबही तीच.

तो पुढच्या काचा धुतोय तोवर आपण ट्रॉली तयार ठेवावी, असं मला वाटतं. पिंपात थोडी धूळ दिसते. घराच्या भिंतीला नळ आहे. घरमालकीण आजींना विचारून मी पिंप विसळून घेतो. कळशी भरायच्या आधी विसळायची, हे आईने हाताला लावलेलं वळण. मग व्हॅनच्या टाकीतून पिंप काठोकाठ भरतो.

बोळ ओलांडून आम्ही मागच्या अंगणात येतो. दांडा उघडायच्या आधी भाचा सवयीने पिंपात मीटर बुडवतो आणि थबकतो.

"मामा, हे कशाने धुतलं?"

मीटरवर १२ आहे. पिंपाच्या तळाशी नळाचं लिटरभर पाणी राहून गेलं होतं. पंचवीस लिटरात एक लिटर ३१२ चं पाणी. हिशेब बरोब्बर जमतो. बघायला गेलं तर पाणी काचेसारखं नितळ आहे. मला अपराधी वाटतं.

"दहाच्या आत असतं तर एखादे वेळी चाललं असतं," तो शांतपणे म्हणतो. "पण ही बाजू दक्षिणेची आहे. ऊन लागेल, पाणी भराभर वाळेल आणि थेंबाथेंबाला पांढरी कडी दिसेल. आजी काही बोलणार नाहीत. पण चहा करताना रोज त्यांना तीच काच दिसणार."

पाणी तो ओतून देत नाही. आजींच्या गुलाबांच्या आठही कुंड्यांना ते पुरतं. रिकामं पिंप घेऊन आम्ही पुन्हा व्हॅनपाशी जातो. तो पिंप उलटं धरून हलवतो, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग दोन लिटर शुद्ध पाणी घालून विसळतो, तेही ओततो, आणि मगच भरतो. वीस मिनिटं गेलेली असतात. एवढ्या वेळात एक घर झालं असतं.

आता दांडा वर जातो. पंप गुणगुणतो, वरच्या काचेवर ब्रश फिरतो, कोपऱ्यातलं कोळिष्टक सुटतं, चौकटीवरचं हिरवं शेवाळ ओघळून खाली येतं. मग तो ब्रश काचेपासून जरा दूर धरतो आणि नुसत्या धारेने काच वरून खाली धुऊन काढतो. मिनिटाला दीड लिटर. त्याचे पाय जमिनीवर आहेत. २००५ साली इथे उंचीवरच्या कामाचे नियम आले: जे काम वर न चढता होऊ शकतं, त्यासाठी चढायचं नाही. माझ्या भावाचा मुलगा पुण्यात इमारतीच्या काचा दोरावर लोंबकळत पुसतो. त्या घरात संध्याकाळी फोन उचलेपर्यंत कसं वाटतं, ते मला माहीत आहे.

आजी स्वयंपाकघराच्या दारात आल्यात. काचेवरच्या थेंबांकडे बोट दाखवून विचारतात, "हे पुसणार नाही का?"

"दहा मिनिटं थांबा," भाचा म्हणतो.

आम्ही तिघंही थांबतो. ऊन कौलांवरून उतरून काचेवर येतं. थेंब आकसतात, मण्यांचे ठिपके होतात. कुंड्यांना पाणी घालताना शेजारच्या शेडच्या काळ्या दारावर थोडं उडालं होतं. तिथे आता बारीक, फिकट पांढऱ्या कड्या उमटल्यात. मी त्यावरून बोट फिरवतो, बोटाला भुकटी लागते. मग वर पाहतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यात शेवटचा एक थेंब उरलाय. तो लहान होत होत जातो, आणि तिथे काच तेवढी राहते.